नाशिकच्या पंचांगावर चालणारी टस्कनी

चेन्नईत थंडी पडत नाही. मार्गळी महिन्यात मैलापूरचे आजोबा माकडटोपी घालून पहाटे फिरायला निघतात, तेवढीच काय ती थंडी. उन्हाळा, कडक उन्हाळा आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येणारा ईशान्येचा पाऊस, एवढ्यात या शहराचे वर्ष आटोपते. अशा गावात रविवारी दुपारी पंखा जोरात लावून चार माणसे एका पटाभोवती बसतात. पटावर वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा असे चार कप्पे आहेत. प्रत्येकाला इटलीतल्या टस्कनी प्रांतात वारशाने एक जुनी द्राक्षबाग मिळाली आहे. हाताशी आहेत तीन शेते, एक लहानसे तळघर, थोडे लिरा आणि मोजकी माणसे. बाग लावायची, द्राक्षे तोडायची, वाइन करायची, गिऱ्हाइकाची मागणी पुरी करायची आणि हे सारे इतरांच्या आधी करून दाखवायचे. खेळाचे नाव व्हिटिकल्चर.

खेळ तसा टस्कनीचा नाहीच. तो अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात जन्मला. जेमी स्टेगमायर आणि ॲलन स्टोन या दोघांनी तो रचला आणि दोघांची आडनावे जोडून कंपनीला नाव दिले, स्टोनमायर गेम्स. २०१२ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ पैसे मागितले. नऊशेहून अधिक लोकांनी ६५ हजारांवर डॉलर दिले आणि २०१३ मध्ये खोकी घरोघर पोहोचली. पुढे याच कंपनीने साइद आणि पक्ष्यांवरचा विंगस्पॅन हे जगभर गाजलेले खेळ काढले, पण पाया या द्राक्षबागेने घातला. सेंट लुइसच्या लोकांना वाइनचा खेळ सुचावा यात नवल नाही. त्याच मिसुरी राज्यातल्या ऑगस्टा गावाच्या परिसराला १९८० मध्ये अमेरिकेतला पहिला अधिकृत द्राक्षप्रदेश म्हणून मान्यता मिळाली. त्याच्याही शंभर वर्षे आधी फायलोक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा त्यांना सावरणारे खुंट अमेरिकेतून गेले आणि त्यात मिसुरीचा मोठा वाटा होता. फ्रेंच वेल अमेरिकन खुंटावर चढवायचा ही युक्ती तेव्हापासून जगभर चालू आहे. आपल्याकडे नाशिकचा बागायतदार डॉगरिज खुंटावर कलम करतो, तोही अमेरिकन रानद्राक्षाच्याच घराण्यातला.

आता खेळाची तऱ्हा पाहू. खेळणारे या प्रकाराला वर्कर प्लेसमेंट म्हणतात. पटावर कामांच्या जागा छापलेल्या असतात : वेल लावा, इमारत बांधा, पाहुण्यांना बाग दाखवा, तोडणी करा, वाइन करा, मागणी पुरी करा. पाळी आली की आपली एक लाकडी सोंगटी म्हणजे एक मजूर त्या जागेवर ठेवायचा आणि ते काम करून घ्यायचे. जागा भरली की ती इतरांना बंद. नियमाचा गाभा एवढाच, पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला पटखेळांचा एक मोठा पंथ त्यावर उभा आहे. रिचर्ड ब्रीझच्या १९९८ च्या कीडम या खेळाला त्याचे मूळ मानतात. २००५ च्या केलसने त्याला शिस्त लावली आणि २००७ च्या अग्रिकोलाने शेतकऱ्याच्या घरातली चणचण त्यात आणून तो घराघरांत नेला. या खेळांत फासा बहुधा नसतो. आपले जुने पट, म्हणजे सारीपाट, ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट किंवा तमिळ घरातला दायकट्टै, कवडी वा फाशाच्या हातात नशीब देतात. इथे तुमचे नशीब समोरच्या माणसाच्या हातात असते. तुम्हाला हवी ती जागा त्याने घेतली की झाले.

व्हिटिकल्चरमधली खरी मेख मात्र जागेपेक्षा मजुरांत आहे. सुरुवातीला प्रत्येकाकडे तीनच मजूर असतात आणि उन्हाळ्यात वापरलेला मजूर वर्ष संपेपर्यंत परत येत नाही. उन्हाळ्यात तिघांनाही राबवले तर हिवाळ्यात बाग पिकलेली आणि तोडायला कोणी नाही. हिवाळ्यासाठी राखून ठेवले तर उन्हाळ्यात लागवड राहते, मग तोडायचे तरी काय? चार लिरा देऊन नवा मजूर तयार करता येतो, पण तो पुढच्या वर्षी कामाला लागतो आणि ते शिकवण्याचे काम करायलाही एक मजूर खर्ची पडतो. ज्याने शेतमजुरांची टंचाई पाहिली आहे त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. तिघांपैकी एक मजूर थोराड असतो, तो भरलेल्या जागेवरही जाऊ शकतो. त्याला कधी सोडायचे हा दर वर्षीचा पेच. नवखे लोक त्याला उन्हाळ्यातच दवडतात आणि हिवाळ्यात मागणी पुरी करण्याच्या जागेकडे हताशपणे बघत बसतात.

वसंतात आणखी एक मजेदार निवड असते. सकाळी किती वाजता उठायचे ते प्रत्येकाने आपला कोंबडा एका तक्त्यावर ठेवून ठरवायचे. जो सर्वांत आधी उठतो त्याची पाळी वर्षभर पहिली, पण त्याला बक्षीस काही नाही. जसजसे उशिरा उठाल तसतशी बक्षिसे चांगली होत जातात : एखादा पत्ता, एखादा लिरा, एक गुण, आणि सगळ्यांत शेवटी उठणाऱ्याला त्या वर्षापुरता जादा मजूर. लवकर उठणाऱ्याला निवडीचा हक्क आणि उशिरा उठणाऱ्याला खाऊ, ही वाटणी माझ्या मते या खेळातली सर्वांत देखणी कल्पना आहे. तिने भांडण होत नाही, पण कुणाच्या मनात यंदा काय आहे ते मात्र सर्वांना कळते.

चेन्नईत हा खेळ मांडण्यात एक गंमत आहे. मद्याबद्दल या राज्याचे मन कधीच एक नव्हते. राजाजींनी १९३७ साली दारूबंदीची सुरुवात केली ती सेलम जिल्ह्यातून. पुढे बंदी उठली, पुन्हा आली, आणि २००३ पासून किरकोळ दारूविक्री टासमॅक या सरकारी महामंडळाकडेच आहे. भल्या घरच्या बाईने त्या दुकानाच्या फुटपाथवरूनही जाऊ नये, अशी इथली समजूत. आमच्या टेबलावर सर्वांत तरबेज खेळाडू आहेत त्या मात्र एक तंजावर मराठी मामी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग आलेल्या कुटुंबातल्या, बोलतात ती मराठी आपल्याला अर्धी कळते नि अर्धी गोड लागते. वाइन त्यांनी कधी चाखलेली नाही, चाखणारही नाहीत. फिल्टर कापीचा दाबरा शेजारी ठेवून त्या काचेचे मणी तळघरात सरकवतात. त्यांना वाइन समजायची गरजही पडत नाही, कारण खेळ त्यांना ओळखीचा वाटतो. लहानपणी त्यांनी पल्लांगुळी खेळली आहे, चौदा खळग्यांत चिंचोके पेरत जाण्याचा तो खेळ. कुठल्या खळग्यातून उचलले तर शेवटचा चिंचोका कुठे पडेल हे दोन फेऱ्या आधी पाहण्याची सवय तिथली, ती इथे कामाला येते. चेन्नईतच विनिता सिद्धार्थ यांनी २००२ साली सुरू केलेली क्रीडा ही संस्था पल्लांगुळी, दायकट्टै, आडु-पुलि-आट्टम असे खेळ पुन्हा बाजारात आणते आहे. बुद्धिबळातले आनंद आणि गुकेश या शहरातले. २०२२ चे बुद्धिबळ ऑलिंपियाड जवळच मामल्लपुरमला झाले. पटासमोर तासन्तास बसणे इथे रिकामटेकडेपणा मानत नाहीत, हे आपल्यापैकी पुष्कळांनी शिकण्यासारखे आहे.

आता पंचांगाकडे वळतो, कारण मराठी माणसाला या खेळात जे दिसते ते टस्कनीच्या माणसाला दिसणार नाही.

मूळ पटावर लागवड उन्हाळ्यात आहे आणि तोडणी हिवाळ्यात. इटलीतला बागायतदार हे पाहून हसेल. टस्कनीत द्राक्षे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तोडतात. हिवाळ्यात तिथला वेल पाने गाळून झोपलेला असतो आणि तोडायला काहीच नसते. खेळ रचणाऱ्यांना उन्हाळ्याची कामे एकीकडे आणि हिवाळ्याची दुसरीकडे असा समतोल हवा असावा, म्हणून त्यांनी तोडणी हिवाळ्यात ढकलली असावी. पण नाशिकच्या दिंडोरीत किंवा निफाडमध्ये हाच पट मांडा. तिथे सगळे बरोबर बसते. आपल्याकडे वेलाला झोपवणारी कडक थंडी नाही, तो बारा महिने जागाच असतो. म्हणून त्याला छाटणीने वळण लावावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, ती काडी तयार होण्यासाठी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, ती फळासाठी. वर्षात छाटण्या दोन, पीक एक. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात, म्हणजे आपल्या हिवाळ्यातच. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, या फरकाने द्राक्षात साखर भरते नि आंबटपणाही टिकतो. सेंट लुइसच्या दोघांनी टस्कनी म्हणून जे रेखाटले त्याचे पंचांग नकळत नाशिकचे निघाले.

तामिळनाडूचे पंचांग आणखी निराळे. थेनी जिल्ह्यातल्या कंबम खोऱ्यात पन्नीर द्राक्षे पिकतात, मस्कत हॅम्बर्ग जातीची. तिथे वर्षभर कुठे ना कुठे तोडणी चालू असते. २०२३ मध्ये या द्राक्षाला भौगोलिक मानांकन मिळाले. कंबमच्या शेतकऱ्याने हा खेळ केला असता तर पटावर चार ऋतूंचे कप्पेच पडले नसते आणि मजूर राखून ठेवण्याचा सगळा पेच नाहीसा झाला असता. चांगला खेळ व्हायला ऋतू नुसते असून भागत नाही, त्यांनी अडवावेही लागते.

पत्त्यांवरच्या वेलींची नावे मात्र खरी आहेत. सॅन्जोवेसे आणि माल्वाझिया लावायला काही लागत नाही, पण त्यांचे मोलही एकच. सिरा किंवा ट्रेबियानोला मांडव हवा. मर्लो आणि सोविन्यो ब्लांकला पाणी हवे. कॅबर्ने सोविन्यो आणि शार्डोनेला दोन्ही हवे, म्हणून ती सर्वांत भारी. मांडवाला दोन लिरा, सिंचनाला तीन. नाशिकच्या माणसाला हा हिशोब पाठ आहे, फक्त त्याच्या मांडवाचा आणि ठिबकचा खर्च लाखांत असतो. नाशिकच्या सुला या वायनरीने पहिल्या बाटल्या काढल्या तेव्हा त्यांत सोविन्यो ब्लांक आणि शेनिन ब्लांक या जाती होत्या. त्यांपैकी शेनिन या पटावर नाही, ही माझी किरकोळ तक्रार.

बाकी ठिकाणी खेळाने भरपूर सूट घेतली आहे. उन्हाळ्यात लावलेला वेल त्याच वर्षी हिवाळ्यात फळ देतो. खऱ्या बागेत खुंट लावा, कलम करा, ओलांडे तयार करा, तोवर दोन-अडीच वर्षे जातात. तोडलेली द्राक्षे खेळात घमेल्यात पडून राहिली तरी वर्षागणिक त्यांचे मोल एकने वाढते. प्रत्यक्षात आठवडाभरात त्यांच्यावर चिलटे घोंघावू लागतील. वाइन मुरल्याने वाढते हे ठीक, द्राक्ष मुरत नाही. गुलाबी वाइन इथे एक लाल आणि एक पांढरे द्राक्ष मिसळून होते. युरोपात साधी रोझे अशी लाल-पांढरी वाइन मिसळून करायला मनाई आहे. २००९ मध्ये ती उठवायचा विचार निघाला आणि फ्रेंच, इटालियन उत्पादकांच्या विरोधामुळे बारगळला. फसफसती वाइन दोन लाल आणि एक पांढऱ्यातून होते, हे वाचून पुष्कळ जण नाक मुरडतात. पण शॅम्पेनची मुख्य तीन द्राक्षे बघा : पिनो न्वार आणि मन्ये ही काळी, शार्डोने पांढरे. दोनास एक हे प्रमाण जातींपुरते तरी अगदीच हवेतले नाही.

या सगळ्यांहून मोठी सूट दुसरीच आहे. या खेळात पाऊस नाही. गारपीट नाही, अवकाळी नाही, डाऊनी नाही, भुरी नाही. लावलेली बाग दर वर्षी न चुकता तेवढेच पीक देते. गोडी छाटणीनंतर आभाळ भरून आले की नाशिकच्या बागायतदाराच्या पोटात जो गोळा येतो, त्याचा इथे मागमूस नाही. खऱ्या शेतकऱ्याला हा खेळ दाखवला तर तो म्हणेल, मग अडचण कसली? अडचण पाहुण्यांची.

दर शरदात प्रत्येक जण पाहुण्याचा एक पत्ता उचलतो. काही पाहुणे उन्हाळ्यात येतात, काही हिवाळ्यात. कुणी वेल फुकट लावून देतो, कुणी इमारत स्वस्तात बांधून देतो, कुणी वाइन नसतानाही गुण देऊन जातो. पाहुणचार करायलाही एक मजूर लागतो. हा पत्त्यांचा गठ्ठा म्हणजे खेळाचा रंग आणि खेळावरची मुख्य टीका, दोन्ही. ज्याच्या हाती वेळेवर योग्य पाहुणा आला तो दोन वर्षांचे काम एका पाळीत करतो. ज्याच्याकडे चार नकोसे पाहुणे जमले तो त्यांना धरून बसतो. वाइनच्या मागण्या फारशा न भागवता, नुसते पाहुणे खेळून वीस गुणांपर्यंत पोहोचलेला माणूस मी पाहिला आहे आणि त्याच्यावर टेबलावरचे सगळे चिडलेलेही पाहिले आहेत. हिशोबी खेळाडूंना हे सहन होत नाही. त्यांच्या मते फासा नाही म्हणून मिरवायचे आणि मागच्या दाराने नशीब आत घ्यायचे, हा खोटेपणा आहे. त्यांचे म्हणणे मला निम्मे पटते. ज्या खेळातून हवामान काढून टाकले त्यात अनिश्चितता कुठून तरी यावीच लागते. ती आभाळातून येण्याऐवजी फाटकातून येते.

आणि पाहुण्यांवर चालणारी द्राक्षबाग ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावजवळ शातो इंडाज उभी केली, फ्रेंच तंत्राने फसफसती वाइन काढून परदेशी पाठवली. वाइन उत्तम, नाव मोठे, पण पुढे कर्जाच्या ओझ्याखाली तो डोलारा कोसळला. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या सुलाने दुसरी वाट धरली. २००१ च्या राज्य सरकारच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाइनवरचे करांचे ओझे हलके केले, विंचूरला वाइन पार्क आले, नाशिकभोवती वायनरी उभ्या राहिल्या. बाटली मात्र दुकानातून खपेना. मग सुलाने २००५ मध्ये बागेतच टेस्टिंग रूम उघडली. मुंबई-पुण्याची माणसे गाड्या काढून तिथे जाऊ लागली आणि वाइन पिणे हा सहलीचा भाग झाला. खेळात टेस्टिंग रूम सहा लिराची आहे. तळघरात निदान एक वाइन असताना पाहुण्यांना बाग दाखवली की दर वर्षी एक गुण मिळतो. नवखा खेळाडू ती महाग म्हणून सोडतो. मामी ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बांधतात.

तक्रारी आणखीही आहेत. पहिली दोन वर्षे रेंगाळतात, कारण हातात पैसा नसतो आणि सगळे जण बाग दाखवून लिरा गोळा करत राहतात. मग अचानक शेवट येतो. कुणी वीस गुण गाठले की ते वर्ष अखेरचे, आणि ज्याचे तळघर आत्ता कुठे भरले होते तो हात चोळत बसतो. २०१५ च्या इसेन्शियल आवृत्तीत सुरुवात थोडी सुधारली आहे. प्रत्येकाला एक आई आणि एक वडील असे पत्ते मिळतात, आईकडून मजूर आणि पत्ते, वडिलांकडून पैसे आणि एखादी इमारत. घरून काय मिळाले यावर पहिल्या वर्षाची चाल ठरते, त्यामुळे सगळे एकाच वाटेने जात नाहीत. हाती पैसे आल्यावर मोह होतो तो मोठे तळघर बांधायचा. तो आवरावा. आधी मधले तळघर, तेही हातात तशी मागणी असेल तरच.

माणसे किती बसावीत यावरही मत द्यायला हवे. दोघांत प्रत्येक कामाला एकच जागा असते, त्यामुळे खेळ कोरडा आणि खुनशी होतो, नवरा-बायकोने जपून खेळावा. तिघांना किंवा चौघांना दोन जागा मिळतात आणि त्यांपैकी एकीवर बोनसही असतो, म्हणून तीन-चार हीच खरी संख्या. सहा जणांत तो लांबतो आणि आपली पाळी येईपर्यंत लोक फोन काढतात. एकट्याने खेळायचे असेल तर मोर्टेन मोनराड पेडरसन यांनी रचलेला ऑटोमा नावाचा पत्त्यांचा गठ्ठा समोरच्या खेळाडूचे काम चोख करतो. ज्यांना खेळ आवडला आणि पाहुण्यांच्या लहरीचा कंटाळा आला त्यांनी टस्कनी ही जोड घ्यावी. तिच्यात चारही ऋतूंत मजुरांना काम मिळते आणि पाहुण्यांवरचा भार कमी होतो. एकमेकांची जागा हिसकावणे ज्यांना आवडत नाही त्यांच्यासाठी २०२२ मध्ये व्हिटिकल्चर वर्ल्ड हा सगळ्यांनी मिळून खेळायचा अवतारही निघाला.

खेळ बाहेरून येतो आणि त्याची किंमत काही हजारांत जाते, तेव्हा आधी कुणाकडे तरी बसून खेळून पाहा. पहिल्या डावाला दोन तास धरा, पुढचे डाव दीड तासात होतील. वाइन पिता की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. शेती केली असेल तर थोडा राग येईल, पण मजूर राखून ठेवायचे तुम्हाला शिकवावे लागणार नाही.